तिसरीचा गृहपाठ मोबाइलवर: मर्यादा कशी घालायची? मदत हवी आहे

मुलगी तिसरीत आहे. या वर्षीपासून गृहपाठ ॲपवर येतो: रोज एक व्हिडिओ, त्याखाली दहा पर्यायी प्रश्न, आणि वहीतल्या पानाचा फोटो काढून अपलोड. काम खरं तर वीस मिनिटांचं. पण फोन हातात आला की तास कसा जातो कळत नाही, कारण व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. (ऑटोप्ले बंद केला होता. तिने शोधून परत चालू केला. कौतुक करावं की रागवावं?)

मला जास्त खटकतं ते वेगळंच. पर्यायी प्रश्नांत ती अंदाजाने टिचक्या मारते, चुकलं की दुसरा पर्याय. शेवटी दहापैकी दहा! तेच गणित वहीत घातलं तर हातचा घ्यायला विसरते.

वेळेबद्दल शोधलं, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची सूचना पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच निघाली: दोन ते चार वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास. आठ वर्षांच्या मुलीला ती कशी लावणार?

व्हिडिओ आधीच डाउनलोड करून इंटरनेट बंद ठेवायचा प्रयोग कुणी केलाय का? प्रश्न कागदावर उतरवून सोडवायला दिले तर शिक्षकांना चालतं का? बाईंशी बोलायचंय, पण तक्रार वाटू नये असं. शिक्षक असाल तर तुम्हाला पालकांनी हे कसं सांगितलेलं आवडेल?