रिमोट कंपोनंट रनटाइमला ओढावेत की बिल्डमध्येच बांधावेत?

अर्धविराम

एकाच पानावरचे भाग, म्हणजे कंपोनंट, वेगवेगळ्या गटांनी लिहायचे, प्रत्येकाने आपला भाग स्वतंत्रपणे डिप्लॉय करायचा, म्हणजे सर्व्हरवर चढवायचा, आणि पान उघडताना ब्राउझरने ते सगळे मागवून एकत्र मांडायचे, ही पद्धत २०२० मध्ये वेबपॅक ५ या बिल्डच्या साधनाबरोबर मॉड्यूल फेडरेशन ही सोय आल्यापासून बरीच रुळली आहे. माझ्या मते बहुतेक प्रकल्पांना तिची गरज नसते. कंपोनंट पॅकेज म्हणून प्रसिद्ध करावा, होस्टने, म्हणजे तो वापरणाऱ्या ॲप्लिकेशनने, लॉकफाइलमध्ये (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांच्या नोंदीत) त्याची आवृत्ती पक्की करावी आणि बिल्ड करावे, म्हणजे सगळा कोड एकत्र करून तयार फाइली बनवाव्यात. मग जे तपासले तेच वापरकर्त्यापुढे जाते. रनटाइमला, म्हणजे पान चालू असताना, ओढलेल्या रिमोट कंपोनंटबाबत ही हमी उरत नाही. होस्ट आपल्या जागी तपासलेला असतो, रिमोट आपल्या जागी तपासलेला असतो, पण ब्राउझरमध्ये त्यांची जी जोडी जमते ती कोणीच तपासलेली नसते.

रिॲक्ट या इंटरफेस लायब्ररीचेच पाहा. त्याच्या दोन प्रती पानावर आल्या तर हुक (कंपोनंटची स्थिती वगैरे सांभाळणारी फंक्शने) मोडतात, म्हणून त्याला सिंगलटन, म्हणजे पानावर एकच प्रत असलेले, घोषित करावे लागते. मग होस्ट आणि रिमोट यांनी नोंदवलेल्या आवृत्त्यांपैकी सर्वांत वरची निवडली जाते, आणि ती एखाद्याच्या अपेक्षेत बसली नाही तर कन्सोलमध्ये नुसता इशारा उमटतो. काटेकोर आवृत्तीचा पर्याय चालू असेल तर एरर फेकली जाते, म्हणजे पान वापरकर्त्यासमोरच मोडते. जो निर्णय बिल्डच्या वेळी शांतपणे घ्यायचा, तो ब्राउझरवर का सोपवावा?

सदाफुली

हा आक्षेप होस्ट एकच असेल तर पटण्यासारखा आहे. पेमेंटचा एकच फॉर्म पाच ॲप्लिकेशनमध्ये वापरला जात असेल, तर त्यातली एक चूक दुरुस्त करण्यासाठी पाच गटांनी आवृत्ती वाढवायची, पाचही बिल्ड चालवायचे आणि पाच डिप्लॉय होण्याची वाट पाहायची. व्यवहारात त्यातले दोन गट ते काम पुढच्या महिन्यावर ढकलतात आणि तोवर वापरकर्त्यांना एकाच फॉर्मच्या दोन आवृत्त्या दिसत राहतात. ‘जे तपासले तेच जाते’ हे खरे, पण जे जाते ते जुने असते.

शिवाय न तपासलेली जोडी हा दोष रनटाइम लोडिंगचा नसून कराराच्या अभावाचा आहे. कंपोनंटचे प्रॉप्स, म्हणजे त्याला बाहेरून दिली जाणारी मूल्ये, हा सार्वजनिक करार मानावा, त्यातून काही काढून टाकायचे असेल तर नव्या पत्त्यावर नवी आवृत्ती ठेवावी आणि जुनी चालू ठेवावी. सर्व्हरच्या एपीआयबाबत आपण हीच शिस्त पाळतो. तिथे क्लायंट आणि सर्व्हर एकाच बिल्डमध्ये असावेत असा आग्रह कोणी धरत नाही.

तिरपा_कंस

तत्त्वाचा वाद बाजूला ठेवून, प्रत्यक्षात हे कुठे मोडते ते सांगतो. रिमोटची प्रवेश-फाइल एकाच नावाने राहते आणि ती ज्या चंक-फाइली (कोडचे तुकडे) मागवते त्यांच्या नावांत मजकुराचा हॅश, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारा ठसा, असतो. म्हणून प्रवेश-फाइल कॅशमध्ये न मुरू देता दर वेळी सर्व्हरकडून पडताळून घ्यावी लागते आणि चंक मात्र वर्षभर कॅश केले तरी चालतात. अनेक ठिकाणी दोन्हींना एकच नियम लावलेला असतो.

आता समजा, वापरकर्त्याने सकाळी टॅब उघडला, दुपारी रिमोटचे नवे डिप्लॉय झाले आणि त्यात जुने चंक पुसले गेले. संध्याकाळी तो बटण दाबतो तेव्हा सकाळच्या प्रवेश-फाइलने सांगितलेला चंक सर्व्हरवर नसतो. ४०४ आला तर निदान लोडिंगची त्रुटी तरी नीट दिसते. पण सिंगल-पेज ॲपचे बरेच सर्व्हर अनोळखी पत्त्याला २०० देऊन मुख्य एचटीएमएल पाठवतात. मग ब्राउझर एचटीएमएलला जावास्क्रिप्ट समजून पहिल्याच कोनी कंसाला अडखळतो आणि लॉगमध्ये ‘अनपेक्षित टोकन’ एवढेच दिसते. त्यावरून मूळ कारणापर्यंत पोचायला नवख्या माणसाचा अख्खा दिवस जातो. उपाय साधा आहे: जुने चंक काही काळ जागेवर राहू द्यावेत आणि स्क्रिप्टच्या मार्गावर एचटीएमएलचा पर्यायी प्रतिसाद बंद करावा.

मांडणीतही अशीच गोची आहे. होस्टचे बंडल, मग प्रवेश-फाइल, मग चंक, मग कंपोनंटचा डेटा, अशा फेऱ्या एकामागून एक होतात. प्रीलोडने त्यातल्या काही समांतर करता येतात. सस्पेन्सच्या, म्हणजे कंपोनंट येईपर्यंत दाखवायच्या, पर्यायी मजकुराला निश्चित उंची दिली नाही, तर कंपोनंट येताच खालचा मजकूर उडी मारतो. एरर बाउंडरी रेंडरमधली चूक पकडते, इव्हेंट हँडलरमधली नाही. हे विसरणारे बरेच आहेत.

खिळा

सुरक्षेचा मुद्दा अजून कोणी काढलेला नाही. रिमोट कंपोनंट होस्टच्याच ओरिजिनमध्ये (ब्राउझरच्या लेखी त्याच संकेतस्थळात) चालतो, म्हणजे लोकल स्टोरेज आणि फॉर्ममध्ये टाइप केलेले सगळे त्याला वाचता येते. कोणत्या डोमेनवरून स्क्रिप्ट घ्यायची हे सीएसपी या ब्राउझरला दिलेल्या सुरक्षा-धोरणाने ठरवता येते, पण त्या डोमेनवरून काय येईल हे ठरत नाही. इंटिग्रिटी हॅश लावायचा, तर फाइल बदलताच तो जुळेनासा होतो, आणि फाइल बदलता यावी यासाठीच तर हा सगळा खटाटोप! २०२४ मध्ये, अनेक संकेतस्थळे जिथून स्क्रिप्ट घेत होती त्या पॉलिफिल डॉट आयओ या डोमेनची मालकी बदलली आणि त्याच पत्त्यावरून घातक कोड जाऊ लागला; असंख्य संकेतस्थळांनी स्वतःच्या कोडमधली एक ओळही बदललेली नव्हती.

तिसऱ्या पक्षाचा भाग हवाच असेल, तर सँडबॉक्स केलेला आयफ्रेम (पानात बसवलेली, मर्यादित अधिकारांची वेगळी खिडकी) वापरावा आणि संवाद पोस्टमेसेज या निरोप पाठवण्याच्या सोयीवरून करावा. उंची जुळवणे आणि फोकस सांभाळणे कटकटीचे आहे, तरीही.

सदाफुली

तिसऱ्या पक्षाबाबत पूर्ण सहमत. मी एकाच संस्थेतल्या गटांबद्दल बोलते आहे. पॅकेजचा मार्गही निर्धोक नाही. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजमध्ये घातक कोड शिरला तो एनपीएम या पॅकेजांच्या भांडारावरूनच.

अर्धविराम

शिरला, पण लॉकफाइल असलेल्यांच्या बाबतीत तो आवृत्ती बदलतानाच शिरू शकत होता, आणि तो बदल इतिहासात नोंदलेला राहतो. रिमोटमध्ये हा टप्पाच नसतो. म्हणून मी एक अट घालेन: होस्टने ‘सर्वांत ताजे’ न मागता, कोणत्या रिमोटची कोणती आवृत्ती घ्यायची याची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी आणि त्या यादीतला प्रत्येक बदल होस्टच्या चाचण्यांतून जावा.

सदाफुली

यादी मान्य आहे. तिच्यामुळे होस्टचे बिल्ड न करता एक ओळ बदलून मागेही येता येते, हे पॅकेजमध्ये जमत नाही. पण चाचण्या आपोआप चालून यादी बदलली पाहिजे. होस्टच्या गटातल्या कोणी मंजुरी देईपर्यंत थांबायचे असेल, तर पाच गटांची तीच रांग पुन्हा लागेल.

अर्धविराम

पेमेंटच्या फॉर्मसाठी तरी मी ती रांग स्वीकारेन. तळपट्टीसाठी नाही.