मदत हवी आहे: सांगलीत वेबसाइटवाल्यांचं संमेलन, आणि साठ हजारांचा एकच स्पॉन्सर

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत, विश्रामबागेत राहून वेबसाइट करते. हळदीचे व्यापारी, तासगावचे बेदाणेवाले, मिरजेतले दवाखाने, एक तंबोरे करणारे, अशी माझी गिऱ्हाइकं. दीड वर्षापासून आम्ही नऊ-दहा जण महिन्यातल्या एका रविवारी भेटतो. सुरुवात चहाच्या टपरीवर झाली. आता ओळखीच्या एका क्लासवाल्यांची खोली मिळते (जाताना फळा पुसून द्यायचा, एवढंच भाडं). सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यातल्या आपल्यासारख्यांसाठी जानेवारीत एक अख्खा दिवस काढावा, असं सगळ्यांच्या डोक्यात घोळतंय. दीडशे माणसं धरली आहेत.

"पुण्यात होतंच की, जा तिकडे" असं कुणी म्हणेल म्हणून आधीच सांगते. पहाटे निघून रात्री अकराला घरी यायचं, दिवसाचं काम बुडवायचं, आणि तिथे जे ऐकायला मिळतं त्यात आमची दुखणी नसतातच. गिऱ्हाईक मजकूर देतं तो श्रीलिपीतला, म्हणजे छपाईवाल्यांच्या जुन्या फॉन्टमधला. साइटवर चिकटवला की नुसती गिचमिड. युनिकोडमध्ये (वेबवर चालणाऱ्या अक्षरांत) बदलून घेतला तरी रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि 'ऱ्या' तर हमखास मोडतो. मागच्या महिन्यात एका हळदवाल्यांच्या साइटवर "सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन" या शीर्षकाचं पान केलं. लिंक तयार झाली ती 'सांगलीच्या-हळदीला-भौगोलि' इथेच तुटलेली. क सुद्धा नाही! वर्डप्रेसमध्ये (आम्ही साइट करतो ते सॉफ्टवेअर) लिंकेच्या या तुकड्याला जागा २०० खुणांची, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटी-अनुस्वार धरून, तिथे नऊ खुणांचं होतं. म्हणजे बाविसाव्या चिन्हाच्या आसपास खेळ खलास. हे कळायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. शेजारच्या गावात हे आधीच कुणाला तरी माहीत असणार, पण विचारणार कुणाला? संमेलन हवंय ते याच्यासाठी.

अनुभव म्हणाल तर गेल्या वर्षीचा अर्ध्या दिवसाचा एक कार्यक्रम. तो कसा झाला तेही सांगते, लपवण्यासारखं काही नाही. प्रवेश फुकट ठेवला होता. नावं नव्वद आली, माणसं आली अडतीस. मसालेभात मात्र ऐंशी जणांचा. आचाऱ्यांनी पातेल्याचं झाकण उघडून माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. उरलेला भात आम्ही दोन डब्यांत भरून मिरज स्टेशनबाहेर वाटला. प्रोजेक्टर जुना, त्याला नुसती व्हीजीएची पिन, आणि वक्त्यांच्या एकाही लॅपटॉपला ती नाही. पाऊण तास त्यातच गेला. शिवाय चाळीसेक लॅपटॉप एका वायफायवर. पुढचं सांगत नाही.

यंदा म्हणून तिकीट ३०० रुपये ठेवतोय. खर्चाचा अंदाज असा: नाश्ता, जेवण, दोन वेळचा चहा मिळून माणशी ३००, म्हणजे ४५ हजार. हॉल आणि साउंड २५ हजार. बाहेरच्या वक्त्यांचा प्रवास आणि मुक्काम २० हजार. बॅनर, गळ्यातली ओळखपत्रं वगैरे १० हजार, इंटरनेटची वेगळी लाइन ५ हजार. एकूण १ लाख ५ हजार. तिकिटांतून ४५ आले तर खाली राहतात ६० हजार.

आता खरा प्रश्न. इथलीच एक बडी मंडळी हे साठ हजार एकरकमी द्यायला तयार आहेत (नाव लिहीत नाही, कुणी ओळखलं तरी इथे लिहू नका). अटी तीन: संमेलनाच्या नावाआधी त्यांचं नाव, सकाळी त्यांच्या संचालकांचं वीस मिनिटांचं भाषण, आणि आलेल्या सगळ्यांच्या फोन नंबरांची यादी. आमच्यातल्या पाच जणांचं म्हणणं, "घे की, वीस मिनिटं चहा पीत बसू." मला पटत नाही, पण साठ हजार माझ्या खिशातही नाहीत. तुम्ही असता तर काय केलं असतंत? आणि पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे? सध्या सगळं माझ्या यूपीआयवर ठरलंय आणि त्याने झोप उडालीये.

तारखेचंही कुणी सांगा. जुलै-ऑगस्टचा प्रश्नच नाही. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर त्याच दिवसांतले. जानेवारीत गळीत हंगाम असतो, रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या.

———

कोल्हापूरकर:

ताई, आधी एक विचारतो. हे 'वर्डकॅम्प' (वर्डप्रेसवाल्यांची गावोगावी होणारी अधिकृत संमेलनं) म्हणून करायचंय का तुमचं स्वतःचं? २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिला झाला, पण आता ते नाव कुणीही उठून लावायचं नाही, रीतसर अर्ज करून मिळवावं लागतं. स्थानिक भेटी नियमित चालू आहेत का ते बघतात, बजेट तपासतात. आयोजक आणि वक्ते मानधन घेत नाहीत, तिकीट स्वस्त ठेवावं लागतं. आणि तुमच्या कामाचा नियम म्हणजे पैसे दिले म्हणून कुणाला मंच मिळत नाही. स्पॉन्सरचं नाव बॅनरवर, आभारात, बाहेर टेबल मांडू द्या. भाषण विषय बघूनच. आमच्याकडे कोल्हापुरात वर्डकॅम्प झाला तेव्हा मी स्वयंसेवक होतो, दिवसभर दारात नावनोंदणीला उभा.

तुमचं स्वतःचं असलं तरी हा नियम उचला. एकदा वीस मिनिटं विकलीत की पुढच्या वर्षी दुसरा चाळीस मागतो. आणि हो, साइटच्या पत्त्यात 'वर्डप्रेस' हा शब्द घालू नका, तो ट्रेडमार्क आहे. आमच्या इथल्या एकाने उत्साहात डोमेन घेऊन ठेवलं होतं, सोडावं लागलं.

———

साताऱ्याचा हिशेबनीस:

खात्याबद्दल. स्वतःच्या यूपीआयवर अजिबात घेऊ नका, मॅडम. तिकिटं, स्पॉन्सर, सगळं तुमच्या धंद्याच्या जमेत मिसळतं आणि मार्चमध्ये "हे काय?" विचारलं की तुम्हीच एकट्या उत्तर देणार. संस्था नोंदवायची तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात जण लागतात. तुम्ही नऊ-दहा आहात, म्हणजे जमेल, पण जानेवारीपर्यंत हातात कागद येईल या भरवशावर राहू नका. यंदापुरतं आधीच नोंदलेल्या एखाद्या संस्थेला विचारा, कॉलेजचं मंडळ, वाचनालय, व्यापाऱ्यांची संघटना. त्यांच्या खात्यात जमा, त्यांच्या पावत्या, खर्चाला दोन सह्या. फक्त त्यांच्याशी काय ठरलं ते एका पानावर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं कार्यक्रमानंतर कुणालाच आठवत नाही.

नंबरांची यादी तर मुळीच देऊ नका. लोकांनी नंबर दिला तो तिकिटासाठी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, तो बाजूला ठेवला तरी दुसऱ्या दिवशी दीडशे जणांना फोन गेले की शिव्या तुम्हालाच.

———

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. कोल्हापूरकर, यंदा नाव आमचंच ठेवतो. भेटी अजून एक वर्ष नीट चालू दे, मग अर्जाचं बघू.

काल त्या मंडळींना फोन केला. म्हटलं, बॅनरवर नाव मोठं लावू, बाहेर टेबल देऊ, पण मंच आणि यादी नाही. ते "बघतो" म्हणाले. सांगलीत "बघतो"चा अर्थ सगळ्यांना कळतो.

मग ज्यांच्या साइट केल्या त्यांच्याकडेच गेले. हळदवाले एक, बेदाणेवाले एक, दोघे दहा-दहा देतायत, तंबोरेवाल्यांनी पाच कबूल केले (ते म्हणाले, "आमचं नाव जरा वर लावा, ऐकू येईल असं"). भडंगवाल्यांनी पैशांऐवजी दीडशे पुड्या देतो म्हटलंय, संध्याकाळच्या चहाचं काम झालं. वक्ते आमच्या घरी राहतील, त्यात बारा हजार वाचले. म्हणजे अजून तेवीस हजारांची फट आहे. खात्यासाठी एका वाचनालयाच्या सेक्रेटरींशी शुक्रवारी बोलायचंय, त्या एका पानावर नेमकं काय लिहायचं याचा मसुदा हिशेबनीसांनी टाकला तर बरं होईल.

आणि तारीख कुणीच सांगितली नाहीत. संक्रांतीनंतरचा रविवार धरू का? सोलापूरकर, पंढरपूरमार्गे मिरजेला रेल्वेने सकाळी पोचता येतं का, की एसटीच बरी?

———

कोल्हापूरकर:

धरा. त्या दिवसांत लग्नंही आहेत, हॉल आजच अडवा. आणि व्हीजीएचा कन्व्हर्टर माझ्याकडे दोन आहेत, घेऊन येतो.