आरएम मारलं तरी डिस्क फुलच, लॉगरोटेट असूनही 27 जीबीचा लॉग

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. रात्री साडेनऊला अलर्ट आला, रूट पार्टिशन 100 टक्के. उबुंटू आहे, 40 जीबीची डिस्क, वर एक जावाचं अॅप. बघितलं तर अॅपचा एकच लॉग 27 जीबी, घाईत आरएम (फाइल पुसायची कमांड) करून टाकला. फाइल गेली पण डीएफ (डिस्क किती भरली) अजून 100 च दाखवतंय आणि डीयू (फाइलींची बेरीज) मारलं की सगळं मिळून 11 जीबी. मग 27 जीबी गेले कुठे? रात्रीचं बिलिंग चालू आहे त्यामुळे अॅप रीस्टार्ट करता येत नाही. आणि लॉगरोटेटमध्ये (मोठे लॉग बाजूला काढून नव्याने सुरू करणारं टूल) साइझ 100एम, रोटेट 7, कॉम्प्रेस, कॉपीट्रंकेट (लॉगची कॉपी काढून मूळ फाइल रिकामी करणं) सगळं आहे, तरी हे झालंच कसं?

जुना_अॅडमिन:
घाबरू नका, रीस्टार्ट लागणार नाही. आरएमने फक्त नाव पुसलं जातं, जावाने फाइल उघडी धरलीय तोवर जागा तिच्याच ताब्यात. हिशोब पण लागतो बघा, 11 आणि 27 म्हणजे 38, उरलेले 2 जीबी ईएक्सटी4 ही फाइल सिस्टिम रूट युजरसाठी राखून ठेवते, डिफॉल्ट 5 टक्के. एलएसओएफ (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) प्लस कॅपिटल एल 1 देऊन चालवा, डिलीटेड लिहिलेली ओळ दिसेल, त्यातला पीआयडी (प्रोसेसचा नंबर) आणि एफडी (उघड्या फाइलीचा) नंबर घ्या. मग प्रॉकमध्ये त्या पीआयडीच्या एफडी फोल्डरमधल्या त्याच नंबरवर ट्रंकेट मायनस एस 0 (फाइल शून्यावर आणतं) मारा. जागा लगेच सुटते. नंबर दोनदा तपासा, चुकून दुसरी फाइल रिकामी झाली तर परत येत नाही. आणि पुढच्या वेळी चालू लॉगवर आरएम नको, ट्रंकेटच करा.

रात्रपाळी:
झालं!! डीएफ 29 वर आलं, खरंच खूप आभार. पण लॉगरोटेटचं कळलं नाही अजून.

कोल्हापूरचा_सिसअॅडमिन:
साइझ 100एम म्हणजे 100 एमबी झाली की लगेच रोटेट असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. लॉगरोटेट काही सतत जागं नसतं, त्याला कोणी उठवलं की तेव्हाच साइझ बघतं, आणि उबुंटूवर टायमर दिवसातून एकदाच उठवतो. मधल्या वेळात लॉग कितीही वाढो. आज काही बदललं होतं का? या अॅपची कॉन्फिग वेगळी ठेवा आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) दर तासाला स्वतंत्र स्टेट फाइल (शेवटचं रोटेशन कधी झालं त्याची नोंद) देऊन चालवा, लॉगरोटेट डॉट डी फोल्डरमध्ये मात्र ठेवू नका, नाहीतर दोनदा धावेल.
अजून एक, स्टार्ट स्क्रिप्टमध्ये लॉगकडे एक बाण (> ही खूण) आहे की दोन?

रात्रपाळी:
दुपारी नवीन बिल्ड टाकला, त्यात डीबग लेव्हल (बारीकसारीक सगळं लिहिणारी) चालू राहिली होती, ती आता इन्फो केली. आणि बाण एकच आहे. का?

कोल्हापूरचा_सिसअॅडमिन:
मग तेही आजच दुरुस्त करा. कॉपीट्रंकेट फाइल शून्यावर आणतं पण एका बाणाने उघडलेली असली की प्रोसेस आपल्या जुन्याच जागेवरून पुढे लिहिते, आधीच्या भागात नुसते नल (रिकामे) बाइट्स. एलएस साइझ मोठी दाखवतं, डीयू छोटी, आणि ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) म्हणतं बायनरी फाइल मॅचेस. दोन बाण म्हणजे अपेंड (नेहमी फाइलीच्या शेवटी लिहिणं), मग हा त्रास नाही. कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणात काही ओळी मात्र जाऊ शकतात, बिलिंगच्या ऑडिट लॉगला म्हणून मी कॉपीट्रंकेट लावत नाही, तिथे लॉगबॅकचं (जावाची लॉगिंग लायब्ररी) स्वतःचं रोलिंग वापरतो.

रात्रपाळी:
अरे हो, गेल्या महिन्यात ग्रेप बायनरी फाइल म्हणत होतं, मला वाटलं डिस्क खराब झाली!

जुना_अॅडमिन:
रोटेट 7 पण बघा. ते 7 दिवस नाहीत, 7 फाइली आहेत. तासाला रोटेट व्हायला लागलं तर 7 तासांत जुनं पुसलं जाईल. सर्ट-इनच्या (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस ठेवायचे असतात, म्हणून रोटेटचा आकडा भरपूर मोठा आणि मॅक्सएज 180 (दिवस), आणि जुन्या कॉम्प्रेस झालेल्या जीझेड फाइली रोज दुसऱ्या मशीनवर हलवा, 40 जीबीत एवढं बसणार नाही. डेटएक्स्ट (फाइलीच्या नावात तारीख) लावलंत तर डेटफॉरमॅटमध्ये तासही घाला, नाहीतर त्याच दिवशीची फाइल आधीच आहे म्हणून रोटेशन सोडून देतं. एनजिनएक्स वेब सर्व्हर असेल तर त्याला कॉपीट्रंकेट नको, तिथे रोटेटनंतर यूएसआर1 सिग्नल (लॉग नव्याने उघड असं सांगणारा) आणि डीलेकॉम्प्रेस (कॉम्प्रेस एक फेरी उशिरा), कारण वर्कर थोडा वेळ जुन्या फाइलीत लिहीत असतो. आणि बदल केल्यावर आधी लॉगरोटेटला मायनस डी देऊन कोरडी चाचणी घ्या, मगच क्रॉनला लावा.