मदत हवी आहे: कंत्राटदार बदलला, राजीनामा लिहून मागतायत

नमस्कार मंडळी, माझा भाऊ फोंड्यात एका टेलिफोन कंपनीत लाइनमन आहे, म्हणजे काम कंपनीचं पण कागदावर कंत्राटदाराचा माणूस, केबल जोडणी, खांबावर चढणं, पावसात तुटलेली फायबर शोधणं सगळं हीच पोरं करतात. कंपनी तोट्यात, त्यामुळे आता सगळं मेंटेनन्स नवीन एजन्सीला दिलंय आणि ते म्हणतात आधी राजीनामा द्या मग नवीन लेटर. जुन्याने शेवटचे पगार थकवलेत, पीएफचंही धड कळत नाही. कायम कामगारांची युनियन आउटसोर्सिंगविरुद्ध धरणं धरतेय, पण कंत्राटी पोरांना सभासद करून घेत नाही, हे मला अजिबात पटत नाही, लढाई एकच आहे ना!

कंत्राटदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीने द्यायचा असं कायद्यात आहे एवढं माहीत आहे. पण राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटीसाठीची सलग 5 वर्षं तुटतात का? पणजीला लेबर कमिशनरकडे पोरांनी एकत्र अर्ज केला तर चालतो की युनियन लागतेच? कोणी यातून गेलंय का, प्लीज सांगा, सही लगेच मागतायत.