डोव्हरला निदान भांडण तरी झालं

उंडगा

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एका काकांनी टाकलं, "अमेरिकेतसुद्धा शाळेत डार्विनबरोबर दुसरी बाजू शिकवतात, मग आपल्याकडेच एवढा गहजब का?" मी विचारलं, कुठल्या शाळेत? उत्तरादाखल दोन जोडलेले हात आले. म्हणून हा धागा.

पेनसिल्व्हेनियात डोव्हर नावाचं लहानसं गाव आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या स्कूल बोर्डाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला आणि त्यातून नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात वाचायचं चार परिच्छेदांचं एक निवेदन तयार झालं. मथितार्थ असा: डार्विनचा सिद्धांत हा शेवटी सिद्धांतच आहे, त्यात त्रुटी आहेत, 'इंटेलिजंट डिझाइन' हे जीवसृष्टीच्या उगमाचं वेगळं स्पष्टीकरण आहे, आणि ज्याला कुतूहल असेल त्याच्यासाठी 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक ठेवलेलं आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे वाचायला साफ नकार दिला. मग जानेवारी २००५ मध्ये प्रशासनातली माणसं वर्गात येऊन वाचून गेली. अकरा पालक कोर्टात गेले. त्यांच्यातल्या एका पालकाच्या नावावरून ओळखला जातो तो हाच किट्झमिलर खटला.

इंटेलिजंट डिझाइनवाल्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सजीवांमधल्या काही रचना इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या टप्प्याटप्प्याने घडणं शक्यच नाही, त्यामागे कुणीतरी बुद्धिमान रचनाकार असला पाहिजे. रचनाकार कोण, ते मात्र सांगत नाहीत. का सांगत नाहीत, ते खटल्यात कळलं. १९८७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने लुइझियाना राज्याचा कायदा, तो सरकारी शाळेत धर्म आणतो म्हणून, रद्द केला होता. उत्क्रांती शिकवली तर जोडीला 'क्रिएशन सायन्स'ही (म्हणजे देवाने सृष्टी निर्माण केली हे विज्ञान म्हणून) शिकवलंच पाहिजे, असा तो कायदा होता. या 'पांडाज'चे जुने मसुदे कोर्टात आले तेव्हा दिसलं की निकालाआधी जिथे 'क्रिएशनिस्ट' होतं तिथे निकालानंतर 'डिझाइन प्रपोनंट्स' झालंय. एका ठिकाणी तर बदलताना जुन्या शब्दाचं डोकं आणि शेपूट तसंच राहून गेलं: 'सीडिझाइन प्रपोनंट्सिस्ट्स'. सातबाऱ्यावरची खाडाखोड ज्याने पाहिली आहे त्याला आणखी काय सांगायचं!

२० डिसेंबर २००५ ला १३९ पानी निकाल आला: इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, सरकारी शाळेत ते असं घुसवणं घटनेत बसत नाही. न्यायाधीश जॉन जोन्स हे काही डावे-बिवे नव्हेत, रिपब्लिकन, धाकट्या बुशने नेमलेले. त्याआधीच नोव्हेंबरात बोर्डाची निवडणूक झाली होती आणि ठरावाच्या बाजूचे आठच्या आठ उमेदवार पडले होते.

आता माझा मुद्दा. तिथे ठराव झाला, साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली, सगळं कागदावर आलं. आपल्याकडे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचं नुसतं 'आनुवंशिकता' झालं. दुसरी बाजू आणायची गरजच पडली नाही, पहिलीच काढून टाकली. आणि कुणाला पत्ता नाही.

सडेतोड

विज्ञान काय आहे ते कोर्टाने ठरवायचं? उद्या न्यायाधीश बदलला की विज्ञान बदलणार का?

आणि मुलांना दोन्ही बाजू सांगितल्या तर कुणाच्या पोटात का दुखावं? आपल्याकडे पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची परंपरा आहे. समोरच्याचं मत आधी मांडायचं, मग खोडायचं. तुम्ही लोक पूर्वपक्षाला वर्गाबाहेर उभं करता आणि वर त्यालाच विवेक म्हणता. एनसीईआरटीचा विषय वेगळा आहे, उगाच गोधडी शिवू नका.

सस्क्वेहॅनाकाठची

सडेतोड, पूर्वपक्षाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय बघा. डोव्हरला ते निवेदन वाचून झाल्यावर मुलांना सांगण्यात आलं की यावर चर्चा होणार नाही आणि शिक्षक प्रश्नांची उत्तरं देणार नाहीत. उत्तरपक्षाच्या तोंडाला कुलूप लावून कसला आलाय पूर्वपक्ष?

मी हॅरिसबर्गला राहते, खटला इथेच चालला. मी आले त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पण साक्षींची टिपणं वाचून काढली आहेत. (नवऱ्याच्या मते मला दुसरे उद्योग नाहीत.) पालकांचे पहिले साक्षीदार केनेथ मिलर, पेशीजीवशास्त्रज्ञ आणि स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी कोर्टात जे सांगितलं ते मी माझ्या लेकाला जेवणाच्या टेबलावर दोन शेवग्याच्या शेंगा घेऊन समजावलं होतं. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्याला २३. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? नुसती हरवली तर जीव जगणार नाही. म्हणजे दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली असणार. तसं असेल तर आपल्या एखाद्या गुणसूत्राच्या मधोमध 'टोकाची खूण' सापडायला हवी, जी एरवी फक्त टोकालाच असते. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात ती बरोब्बर तशी सापडते. दोन शेंगा चिकटवल्या की देठ मध्ये येतो ना, तसं.

आधी अंदाज आणि मग तपासणी, याला विज्ञान म्हणतात. समोरून मायकेल बीही हे जीवरसायनशास्त्रज्ञ आले. त्यांच्या व्याख्येने फलज्योतिषही वैज्ञानिक सिद्धांतात बसेल का, असं उलटतपासणीत विचारलं, तर त्यांना हो म्हणावं लागलं. रोगप्रतिकारशक्ती कशी उत्क्रांत झाली याला शास्त्रीय वाङ्मयात उत्तर नाही, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्यासमोर त्यावरचे ५८ शोधनिबंध आणि वर पुस्तकांची चळत ठेवली. ते म्हणाले, हे पुरेसं नाही.

आणि हो, मी रोज अथर्वशीर्ष म्हणते. गुणसूत्राची त्याला हरकत नसते.

भटका_जोशी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सडेतोड

ताई, शेंगांचं आवडलं. पण तुमचे मिलर मानतात तो देव वर्गात येत नाही आणि 'सगळं आपोआप झालं' हे मात्र येतं, हा पक्षपात नाही का? शिवाय आपल्याकडे दशावतार आहेतच की. मत्स्य, कूर्म, वराह, मग नरसिंह. पाण्यातून जमिनीवर, पशूतून माणसात. डार्विनच्या कितीतरी आधी.

उंडगा

म्हणजे डार्विन चुकला पण त्याने ते आपल्याकडूनच ढापलं. दोन्ही कसं चालेल, एक काहीतरी ठरवा.

मास्तर_निवृत्त

३१ वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातली शेवटची काही राज्य मंडळाच्या नव्या पुस्तकातून. उंडगा, तुमच्या धाग्यात एक राहिलं. आपल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. अवशेषांगे, जोडणारे दुवे, नैसर्गिक निवड, मानवाची उत्क्रांती, सगळं आहे.

अवशेषांगांच्या दिवशी मी वर्गाला कान हलवायला सांगायचो. माकडात कान हलवणारे स्नायू उपयोगी, आपल्यात निरुपयोगी, पण आहेत. साठ मुलं तोंड वेडीवाकडी करायची. दरवर्षी एखाद-दुसऱ्याचा कान खरंच हलायचा आणि तो पोरगा आठवडाभर शाळेत भाव खायचा. आणि दरवर्षी एक प्रश्न ठरलेला: "सर, मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत?" मी म्हणायचो, चुलतभाऊ कधी तुझा सख्खा भाऊ होतो का? पणजोबा एक, वाटण्या कधीच झाल्या. भाऊबंदकी पोरांना चटकन कळते.

हाच प्रश्न जानेवारी २०१८ मध्ये आपल्या औरंगाबादेत जरा वेगळ्या शब्दांत विचारला गेला. केंद्रातले तेव्हाचे शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, आपल्या पूर्वजांनीही तसं कुठे म्हटलेलं नाही, तेव्हा शाळा-कॉलेजांतून डार्विन बदलायला हवा. हे गृहस्थ मुंबईचे पोलीस आयुक्त होते. घडताना पाहिला नाही म्हणून गुन्हा झालाच नाही, असं त्यांच्या खात्यात चाललं असतं का? देशाच्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्यांना खोडलं, आणि त्यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकरांनी अशी विधानं टाळायला सांगितलं.

नितळ

एनसीईआरटीबद्दल अर्धवट माहिती पसरवू नका. कोविडनंतर ओझं कमी करायला बऱ्याच विषयांतले भाग काढले, एकट्या डार्विनवर राग नव्हता. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा पूर्ण धडा आहे.

उंडगा

बारावीत आहे, मान्य. पण दहावीनंतर कॉमर्सला, आर्ट्सला, आयटीआयला जाणारी मुलं बारावीचं जीवशास्त्र कधी उघडणार? उद्याचे मंत्रीही त्यांच्यातूनच यायचे आहेत. ओझं कमी करायचं होतं तर हाच भाग का, ते तरी सांगा.

'कुणाला पत्ता नाही' हे मात्र चुकलंच माझं. १,८०० च्या वर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहिलं होतं. मास्तरांचा बालभारतीचा मुद्दाही मी विसरलो होतो.

सडेतोड

मास्तर, एक प्रामाणिकपणे सांगा. पोरं धडा समजून घेतात की 'टीप लिहा' पुरतं पाठ करतात? मला तर 'पेरिपॅटस' एवढा एकच शब्द आठवतो, तो प्राणी आहे की आजार हे नाही आठवत. असं घोकून घेणं आणि ते निवेदन वाचून दाखवणं, यात फरक काय?

मास्तर_निवृत्त

इथे तुम्ही पकडलंत. बहुतेक पाठच करतात. पेरिपॅटस हा वलयी (गांडुळासारख्या) आणि संधिपाद (कीटकांसारख्या) प्राण्यांमधला दुवा. तो मी स्वतः कधी पाहिला नाही आणि पोरांना दाखवूही शकलो नाही. पण फरक आहे. माझ्या वर्गात प्रश्न विचारायला बंदी नव्हती, आणि कान ज्याचा त्याला हलवून बघता येत होता. तुम्हीही बघा.

सडेतोड

आत्ता आरशासमोर करून आलो. डावा किंचित हलतो. मत हललेलं नाही.

सस्क्वेहॅनाकाठची

फोटो टाका, विश्वास नाही.