बी विंग ग्रुप: तुर्कस्तानात घरचं जेवण

बी-५०३: नमस्कार मंडळी, मे महिन्यात आम्ही दोघं तुर्कस्तानला निघालोय, कापाडोकिया नक्की. ही पक्की शाकाहारी. दशम्या, धपाटे, रेडी टू ईटची पाकिटं भरून न्यावीत का? बी विंगमधलं कोणीतरी जाऊन आलंय ना?

बी-२०२: काका आम्ही गेलेलो! पाकिटं राहू द्या हो, बॅग उगाच जड. कापाडोकियातल्या ग्योरेमे गावात मोठं हॉटेल न घेता कुटुंब चालवतं ती पेन्शन (तिथलं घरगुती लॉज) घ्या, आपल्या कोकणातल्या घरगुती सोयीसारखीच. आमच्या मालकीणबाई दारात चपला काढल्या की घरातल्या सपाता पुढे करायच्या, मग हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या (अत्तरासारखं सुगंधी पाणी) ओतायच्या आणि थेट स्वयंपाकघरात बसवायच्या.

बी-६०१: पण जेवायला काय गं? कबाबच ना सगळीकडे?

बी-२०२: नाही ताई, घरात वेगळंच. आधी मसुराच्या डाळीचं दाट सूप, वरून लोण्यात परतलेलं तिखट आणि लिंबू. मग ऑलिव्ह तेलात शिजवलेली फरसबी, वांगी (ह्या भाज्या गारच वाढतात), बुलगुरचा (गव्हाच्या दलियाचा) पिलाव, दही, ताजा पाव. आणि सार्मा!! द्राक्षाचं पान शिरा वर करून ठेवायचं, कांदा-पुदिना-मनुका घातलेला तांदूळ चिमूटभर, कडा आत मोडून करंगळीएवढी गुंडाळी. त्यांना इंग्लिश येत नाही मला तुर्की येत नाही, तरी माझी बोटं धरून शिकवलं त्यांनी, इतकं बरं वाटलं ना.

बी-६०१: लेक म्हणते मांती (मोमोसारखे छोटे तुकडे) खाच.

बी-२०२: हो, जवळचं कायसेरी शहर त्यासाठीच प्रसिद्ध, एका चमच्यात ४० मावल्या पाहिजेत म्हणतात इतक्या बारीक. लसूण घातलेलं दही, लोणी, सुका पुदिना. पण आत खिमा असतो, काकूंना नको. काका, "एतसिझ" म्हणजे बिनमटणाचं, पण चिकन आणि मासे त्यात धरत नाहीत बरेच जण, ते वेगळं सांगा आणि बाहेर सूप घेताना हाडांचं पाणी घातलंय का विचाराच.

बी-१०४: बाळा, कोणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही हं.

बी-२०२: अगदी खरंय आजी. पेन्शनचे पैसे आपण देतोच, पण ओळखपाळख नसताना कोणी घरी चहाला बोलावलं तर तिथे पैसे पुढे करू नका, वाईट वाटतं त्यांना. मिठाईचा पुडा द्या. चहा बिनदुधाचा, कमरेत बारीक असलेल्या छोट्या ग्लासातून. ग्लास रिकामा दिसला की परत भरतात, नको असेल तर चमचा ग्लासावर आडवा ठेवायचा.

बी-५०३: मग दशम्या कॅन्सल. पेन्शनचा पत्ता पर्सनलवर पाठव गं.

बी-२०२: पाठवते. आणि काका, हॉट एअर बलूनमध्ये बसायला पहाटे गेलात तरी नाश्त्याला परत या, मध आणि कायमाक पावावर घेऊन खायचं, म्हशीच्या नाहीतर गाईच्या दुधाची दाट साय असते ती, काकूंना फार आवडेल.