क्रीडा पत्रकारितेची सुरुवात कशी झाली? आपापले अनुभव सांगा

क्रीडा पत्रकार व्हायचं म्हणणारी मुलं आधी अभ्यासक्रमाचं नाव विचारतात. तो कामाचा असतोच, पण हात कुठे बसला हे त्यात कळत नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी ते सांगावं. सुरुवात मी करते.

पदविका करत असताना कनिष्ठ गटाच्या मैदानी स्पर्धेला गेले होते. १०० मीटरमध्ये स्पर्धाविक्रम मोडला म्हणून घाईघाईने बातमी दिली. उपसंपादकांनी एवढंच विचारलं, "वारा किती होता?" मला प्रश्नच कळेना. पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर १०० आणि २०० मीटर, लांब उडी यांत विक्रम धरत नाहीत. निकालपत्रकावर वेळेशेजारी +२.६ छापलेलं होतं. माझी नजर त्यावरून गेली होती, पण ते आकडे कशाचे हे मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री नियमपुस्तक घेऊन बसले. आजही नवा खेळ हाती आला की आधी त्याचं निकालपत्रक वाचायला शिकते.

—

आमच्या सरांनी वर्गात १९९९ ची चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत दाखवली आणि ९० व्या मिनिटाला चित्र थांबवलं. बायर्न म्युनिक १-० ने पुढे. "लिहा, दहा मिनिटं." आम्ही बायर्नच्या विजयाचं वृत्त लिहून दिलं. मग त्यांनी उरलेला खेळ लावला. भरपाई वेळेत मँचेस्टर युनायटेडचे दोन गोल, २-१. "आता पाच मिनिटं." मी सगळं खोडून बसलो आणि वेळेत काहीच देऊ शकलो नाही. शेजारच्या मुलीने सामन्याचा ओघ सांगणारे मधले परिच्छेद तसेच ठेवले, फक्त सुरुवात नव्याने लिहिली. रात्रीच्या सामन्यांना मी अजून तिच्याच पद्धतीने लिहितो: मधला मजकूर खेळ चालू असताना, सुरुवात शेवटच्या शिट्टीनंतर.

—

मला वर्षभर मैदान दिसलंच नाही, डेस्कवर नुसते धावफलक लावले. राग यायचा. पण फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजे एकूण; गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय आणि लेगबाय मिळवले की पुन्हा तोच आकडा आला पाहिजे, ही सवय तिथेच लागली. एका धावेचा फरक आला तरी मला पुढचं वाक्य लिहवत नाही.

—

वाऱ्याचं वाचून माझी चूक आठवली. उत्तेजक द्रव्य चाचणीत 'अ' नमुना सदोष आल्यावर मी खेळाडूला थेट 'दोषी' लिहिलं. त्याच नमुन्याचा राखून ठेवलेला दुसरा भाग, म्हणजे 'ब' नमुना, तपासून मागण्याचा तिचा हक्क होता, सुनावणी व्हायची होती. दुसऱ्या दिवशी खुलासा छापला, पण तो शब्द वाचलेल्या सगळ्यांपर्यंत खुलासा पोचला नसणार. याचं मला अजून वाईट वाटतं.

—

माझं मुलाखतीचं. हरलेल्या खेळाडूला "कसं वाटतंय?" विचारायचं आणि दोन शब्द घेऊन परत यायचं, असं बरेच महिने चाललं. एकदा ४०० मीटर अडथळ्यांच्या धावपटूला विचारलं, "सातव्या अडथळ्याला पुढचा पाय बदललात का?" ती थबकली. घामाने निथळत होती, जायच्या घाईत होती, तरी परत फिरली. शेवटच्या अडथळ्यांना पावलं लहान पडतात, दोन अडथळ्यांमधल्या पावलांची आखलेली संख्या मोडते, डावा पाय पुढे आणायचा सराव कमी पडला, असं सगळं तिने सांगितलं. माझी वही भरली. निघताना तिने विचारलं, "तुम्ही पळायचात का?" मी कधीच पळत नव्हते. दहाही अडथळ्यांपर्यंत तिची पावलं मोजत बसले होते.